शिंपी जिवंत पाहिजे

९ मे १९९९

आणि गेल्या वर्षीच्या त्या सकाळी मी अंगण सारवलं, माठ भरला, मग कैऱ्या सोलायला बसले. नदीतल्या शिंपल्याच्या शिंपीनेच. नवऱ्याने, लहानूने, तिची पाठ दगडावर घासून भोक पाडलं होतं. त्या भोकाच्या धारेने साल काय पातळ निघायची! जाळं खांद्यावर टाकत तो म्हणाला, "हे बोथट झाली. दुसरी आणून देतो."

सांजेला त्याला रेतीच्या खड्ड्यातून काढून आणलं. ट्रकांनी नदी पोखरलेली. वरून कड ढासळली, तो खाली.

रेतीचा ठेकेदार म्हणाला, पिऊन होता. लहानूने जन्मात दारूला हात लावला नाही! आणि त्याचा सख्खा भाऊ, दादाजी, ठेकेदाराचा मुंशी — तिथेच उभा राहून मान हलवत होता. होय, होय. वर्ष झालं. ती मान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आज पुन्हा कैऱ्या आल्या. शिंपी तीच.

१२ मे

चंद्रपूरच्या कॉलेजातली एक मुलगी आली आहे, महेक. वैनगंगेत कुठे कोणते शिंपले, कोणत्या गोगलगाई राहतात ते बघत आरमोरीपासून खाली निघाली आहे. मी विहारात कपाटातलं पुस्तक बदलायला गेले होते, तिथे भेटली. मला वाचता येतं म्हटल्यावर तिने नदीचा नकाशा पसरला. जिवंत शिंपले सापडले तिथे भरलेला टिपका. नुसत्या रिकाम्या शिंप्या, तिथे पोकळ गोल. आरमोरीकडे टिपकेच टिपके. खाली येता येता गोल वाढत जातात. आमच्या घाटावर अजून काहीच नाही.

"मोठे शिंपले जिवंत मिळाले तर सर लिहून देणार आहेत, इथली रेती काढू नका म्हणून. रेतीच्या लिलावाच्या आत."

"मग थांबन?"

"ते नाही सांगता येत, ताई. पण लिहून देतील."

लिहून देतील! वर्षभरात आमच्या बाजूने कोणी एक ओळ लिहिली नाही.

१४ मे

डोकं भणभणतं आहे.

मी सकाळी तेंदूपत्ता तोडायला गेले. जाताना शेजारच्या कमलाला सांगून गेले, महेकसाठी घाटावरचे शिंपले काढून ठेव. दुपारी येऊन बघते तर बायकांनी काठचं सगळं पाणी चाचपून काढलेलं. आणि सुपात मांडलेल्या शिंप्या — राखेने घासलेल्या, चकचकीत, आतून रिकाम्या!

"हे काय केलं वो?"

"पाहुणीले काय गाळाच्या देवाव? उकळल्या, घासल्या. मांसाचा रस्सा केला. मस्त झाला! तुह्यासाठी वाटीभर ठेवला हाय."

बायका हसत होत्या. महेकही आधी हसली. मग तिने सुपातली एक शिंपी उचलून आत बघितलं.

मी म्हटलं, सकाळी जिवंत होत्या ना! ती म्हणाली, "मी मानते, ताई. पण मी पाहिल्या नाहीत. रिकामी शिंपी वरूनही वाहून येते." खोटं ती लिहिणार नाही. तिचं बरोबर आहे, म्हणून आणखी राग येतो.

नकाशावर आमच्या घाटापाशी पोकळ गोल काढला. माझ्यासमोर.

१५ मे

रस्सा खाल्ला नाही. वाटी कमलाच्या ओट्यावर ठेवून आले.

१६ मे

कमला रडत आली. "मले कोणी सांगतलं होतं का जित्या पाहिजेत म्हणून? पाहुण्याच्या हाती घाण देऊ नाई, एवढंच मले समजते." तिच्यावर किती रागावणार? तिच्या माहेरी-सासरी तीच रीत. माझ्याकडेही तीच.

मग दादाजी आला. दारातूनच, "वैनी, त्या पोरीले काऊन थांबवून ठेवलं? नदीत आता काय राह्यलं?"

"तुमी जे ठेवलं ते राह्यलं, भावजी."

"माहे लेकरं काय खातीन मंग? ठेकेदार गेला तर?"

पोट आहे, मला समजतं. पण पोटासाठी मेलेल्या भावाला दारुडा करायचं? तोंडावर आलं होतं. त्याच्या पायात लहानूच्या चपला होत्या. मीच दिल्या होत्या, दिवसकार्य झाल्यावर. त्या बघून मी घरात वळले. तो गेल्यावर भांडी आपटली.

१७ मे

महेक परवा जाणार. काठाला आता एक शिंपला उरलेला नाही. उरले असतील तर नदीमधल्या खडकापाशी. लहानू तिथूनच काढायचा. पण वाट खड्ड्याच्या कडेने जाते. तो गेल्यापासून गावातलं कोणी तिकडे पाय टाकत नाही. मी तर नदीतच उतरले नाही. कपडेसुद्धा विहिरीवर धुते.

पोकळ गोल! त्याच्या घाटावर!

१९ मे

काल सकाळी विहिरीचा दोर घेतला आणि दादाजीच्या घरी गेले. एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. "चला," म्हटलं. तो आला. थडीवर महेक, कमला, झाडून सगळ्या बायका. दोन ट्रक भरत होते, तेही थांबले.

खड्ड्याच्या कडेला पोचल्यावर मी थांबले. पायाखालची रेती सरकत होती. वळून विचारलं, "भावजी, लहानू पिऊन होता का?"

"नाई, वैनी."

"मोठ्यानं सांगा."

"नाई! माहा भाऊ पेत नव्हता!"

मग मी पुढचं पाऊल टाकलं. खडकापाशी छातीभर पाणी होतं. गाळात पायाच्या बोटाला धार लागली. बुडी मारून काढली — वीतभर, काळी, जड. महेकच्या हातात दिली तेव्हा ती हळूच मिटली.

महेकने गोल भरला. मी शिंपी परत नेऊन होती तिथेच ठेवली. मग घाटावर बसून कपडे धुतले.