ढग, मेंढी आणि आजोबा

६ जून, सोमवार
अंध मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून लागलो. तात्पुरता. महिनाअखेरीस मुलांनी वस्तू हाताने चाचपून त्यांचे इंग्रजी शब्द ओळखले, तर मोठ्या बाई पुढचं बघणार. ताईला सांगितलं, कायम झाल्यातच जमा. ती म्हणाली, आधी महिना काढ.

९ जून
खेळ तयार. पुठ्ठ्याच्या कार्डांवर वस्तू चिकटवल्या. कापूस भरपूर होता, म्हणून क्लाउड, शीप आणि ग्रँडफादर (दाढी) या तिघांना कापूसच. काटकसर हाही गुणच.
वर्गातल्या एका मुलीला सगळे वकीलबाई म्हणतात. तिने विचारलं, दादा, ढग मऊ असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, हात लावलाय का? अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न. टाळला.
मुलांनी सर म्हणावं, असं सुचवलं. दादाच म्हणतात. आपुलकी.

१५ जून
सगळी कार्डं बरोबर! तिन्ही कापूससुद्धा, क्षणात. पद्धत सिद्ध झाली. मागच्या बाकावर कुणीतरी खुदखुदलं. शिकण्याचा आनंद असाच असतो.

२७ जून
उद्या बाईंसमोर खेळ. कार्डं फारच मळली आहेत. डिंकाच्या गाठी, दुमडलेले कोपरे. ही लाज बाईंना दाखवायची नाही. सगळी नव्याने केली. कडा पट्टीने कापल्या, कापूस एकसारखा छाटला. जुनी फेकली.
आई म्हणाली, अरे, मुलांना दिसणार आहे का ते? आईला प्रेझेंटेशन कळत नाही.

२८ जून
मुलांनी ग्रँडफादरला शीप म्हटलं. शीपला क्लाउड.
बाईंनी कारण विचारलं. वकीलबाईने शांतपणे सांगितलं: क्लाउडच्या मधोमध डिंकाची गाठ होती, शीपचा कोपरा दुमडलेला होता आणि ग्रँडफादरला दादांच्या डब्यातल्या लोणच्याचा वास यायचा. दादांनी काल सगळ्यांना आंघोळ घातली, आता आम्ही काय करणार?
बाईंनी मला डोळे मिटायला लावले. हातात काहीतरी आलं. नीट चाचपलं. शीप, म्हणालो, ठामपणे.
माझाच हातरुमाल होता.

२९ जून
आणखी एक महिना मिळाला. ताईला बढती म्हणून कळवलं. कार्डं आता वकीलबाई आणि मंडळी बनवणार. मी डोळ्यांना पट्टी बांधून बाकावर बसायचं आणि ओळखायचं. मला जमलं, तर कार्ड पास.
आज एकही ओळखता आलं नाही. स्पेलिंगं मात्र सगळी बिनचूक सांगितली. ती कुणी विचारली नव्हती.