तिला पाठवलेला ट्यूबचा फोटो

माय, तू गेल्यापासून हे तुला सांगावं, ते तुला सांगावं असं लय वेळा झालं, पण लिहायला कधी बसलो नाही. आज बसलोय. दुपारची जेवणाची सुट्टी आहे. इथं कच्छात नजर जाईल तिथवर सोलरच्या प्लेटाच प्लेटा, आणि त्यातल्याच एकीच्या सावलीत मी. त्या बसवायचंच माझं काम. ऊन वरून तर लागतंच, प्लेटेवरून उलटून खालूनही लागतं. दोन वर्षांत हेल्मेटखालचं कपाळ तेवढं मूळ रंगाचं राहिलं, भुवईखाली सगळं काळं ठिक्कर. हनुवटीवर पट्ट्याची पांढरी रेघ. आरशात बघितलं की दोन माणसांची तोंडं एकाला एक जोडल्यासारखं दिसायचं.

मावशीनं ताडकळसची पोरगी बघितली. तुझ्या जागी आता तीच उभी राहते. व्हिडिओ कॉल लावला तर पोरीची चुलती म्हणाली, "अगं बाई, फोटूत तर गोरा व्हता की! ह्यो कोन आनलाव?" सगळे हसले. मीही हसलो. पोरगी हसली नाही, हे मी बघितलं होतं, पण मनात राहिलं ते हसणंच. दुसऱ्या दिवशी इथल्या मेडिकलवर जाऊन म्हणलं, तोंड उजळायचं काहीतरी द्या. त्यानं काही न विचारता बोटाएवढी ट्यूब पुढं केली. फरक पडला, माय. खरंच पडला. महिन्याभरात ती हनुवटीवरची रेघसुद्धा दिसेना. सुपारी फोडायला गावी आलो तर मावशी म्हणाली, "तिकडलं पानी मानवलं रं बाबा तुला." मी मान हलवली.

परत कामावर आलो आणि गाल पेटायला लागले. लाल चट्टे, बारीक पुरळ. घाम आला की मिरची चोळल्यासारखं. ट्यूब बंद करावी तर दुप्पट आग, म्हणून परत लावायची. शेवटी डॉक्टरीणबाईला दाखवलं. ट्यूब उलटीपालटी करून ती म्हणाली, हे खाजेवरचं औषध आहे, तोंडाला रोज लावायचं नसतं, कातडं पातळ झालंय. उन्हात फिरू नको म्हणाली. हेल्मेट माझ्या मांडीवर होतं. तिनं ते बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

तवापासून मला ते गॅदरिंग आठवायलंय. मी पेडगावच्या शाळेत तिसरीत. नाचात गोरी पोरं पुढच्या ओळीत आणि आमी मागं. मी आप्पांच्या पूजेतली विभूतीची वडी घेतली, चुलीपुढं बसून पाण्यात कालवली आणि सगळ्या तोंडाला फासली. तू खुरपणीवरून येतेस, तोंडाला रुमाल बांधलेला, आणि दारातच थांबतेस. मग पाठीत धपाटा. "भाड्या, ईभूत कपाळाला लावायची अस्ती. तोंड लपवायला दिली का देवानं?" रुमाल सोडून त्याच रुमालानं तू माझं तोंड पुसलंस. तुझे हात खरखरीत होते, गाल चरचरले. मग तीन बोटं कपाळावर ओढून म्हणालीस, "जा आता. मागून नाचलं तर काय पाय मोडत न्हाईत." मी मागूनच नाचलो. पण पुढच्या बाजाराला तू माझ्यासाठी पावडरचा डबा आणलास, तो हातात देताना म्हणालीस, "लाव, पन थोडी." माय, तुझा धपाटा खरा धरू का डबा, ते मला अजून उमजलं नाही.

चार दिवसांपूर्वी पोरीचा फोन आला. "एक इचारू का? हसायचं न्हाई बरं."

"इचार की."

"तुमी तोंडाला काय लावता? सुपारीला लय फरक दिसला. घरचे म्हनायलेत, हळदीपतूर जरा उजळली तर जोडी दिसंल."

मी तेव्हा गालाला ओला रुमाल लावून बोलत होतो. तरी ट्यूबचा फोटो काढला आणि पाठवला. सांजच्याला तिचं उत्तर, "मिळाली, हितंच मिळाली. आजपासून लावायलेय." पुढं हसणाऱ्या तोंडाचं चित्र.

चार दिवस झाले. रोज नंबर काढतो आणि ठेवून देतो. लावू नको म्हणलं तर का ते सांगावं लागेल. सुपारीला बघितलेलं तोंड माझं नव्हतं, आणि आता आहे ते हळदसुद्धा सोसायचं नाही, हे सांगावं लागेल. तिच्या चुलतीपर्यंत गोष्ट गेली तर सुपारी मोडायला किती वेळ? आणि न सांगावं, तर तिकडं तिची कातडी रोज थोडी थोडी सोलत जाईल, माझ्या हातानं.

आता शिट्टी होईल. हा कागद कुठं पाठवू, घडी करून हेल्मेटात ठेवतो. प्लेटा चढवायच्या आधी तिला फोन लावणार आहे, मोडली तर मोडली. पण एक आहे, ते तिला सांगायचं नाही, तुलाच सांगतो. तिनं विचारलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हणलं, उजळली तर चांगलंच की. माय, ती तुझ्याएवढीच सावळी आहे.