नळीतलं पिवळं पाणी

मामा, तुमच्या नातीनं परवा घरात माशांची पेटी आणून ठेवली. तुम्ही तिला पाहिलं नाही. आता तिचेही केस पिकायला लागलेत. पेटीबरोबर पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या आल्यात. पाण्यात बुडवली की पीएच आणि क्षार दोन्ही एकाच पट्टीवर दिसतात. ती मला म्हणाली, "आई, आजोबांकडंही टँक होता ना? सोलापूरच्या जड पाण्यात त्यांचे मासे जगायचे कसे?" मी म्हटलं, काळे मॉली होते, त्यांना जड पाणीच मानवतं. एवढंच सांगितलं. पुढचं तुमच्यापाशीच बोलायला हवं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन मंद्रूपहून तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाई, आपल्या अत्ती, होत्या. सुनेला सासू म्हणून जो धाक वाटायचा तो त्यांनी कधी वाटू दिला नाही; दुपारी जेवणं आटोपली की पेटीपुढं पाट टाकून बसायच्या, काचेवर नख वाजवायच्या आणि कानडीत "बा, बा" म्हणून माशांना बोलवायच्या. ते काळे मासे शेपट्या हलवत पुढं यायचे. मासे त्यांचे आणि पाणी तुमचं, अशी तुम्हा दोघांची वाटणी होती. तुम्ही गिरणीच्या रंगखात्यात होतात. जड पाण्यात सुताला रंग सारखा बसत नाही, डाग पडतात, म्हणून पाणी तपासणं तुमच्या अंगवळणी पडलेलं. घरीही तुम्ही पेटीतलं पाणी एका बाटलीत घ्यायचात, त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब सोडून बाटली हलवायचात आणि फेस टिकतो की मोडतो ते बघायचात. आमच्या आडाच्या पाण्याला फेस कधी लवकर धरलाच नाही. काचेच्या कडेला पांढरा थर साचायचा, तो तुम्ही चिंचेनं घासायचात.

पहिल्या महिन्यात माझी तुरीची डाळ शिजेना. तुम्ही जेवायला बसलेले, आमटीत दाणे टणक, आणि मी चुलीपाशी डोळे पुसतेय. तुम्ही ताट बाजूला सारून उठलात, मला वाटलं आता बोलणार. तर तुम्ही तीच बाटली घेऊन आलात. "रडतीस कशाला? तुझा हात वाईट न्हाय, पाणी जड हाय. लई चुना हाय आडात," म्हणालात, आणि माझ्यापुढं साबणाचे थेंब टाकून दाखवलेत. मग काचेच्या नळीत दुसऱ्या बाटलीतला थेंब सोडलात. पाणी निळं झालं. "हे बघ. आम्ल आसंल तर पिवळं व्हतंय, न्हाय तर निळं. आपलं कायम निळं. चुना हाय तोवर पाणी ढळत न्हाय. हितलं पाणी पिवळं व्हायचं म्हटलं तरी व्हणार न्हाय." अत्ती आतून हसून म्हणाल्या, "पोरीला जेवू द्या की आधी." त्या घरात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या दिवशी.

अत्ती थंडीत गेल्या. आजारी नव्हत्या. दुपारी पाटावर बसल्या आणि तिथंच कलंडल्या. त्यानंतर तुमचं बोलणं कमी झालं. तुम्ही रोज गिरणीत जायचात, यायचात, पाणी तपासायचात. मासे मात्र मला विचित्र वाटायला लागले. दुपारी मी त्या खोलीत गेले की ते सगळे एका कोपऱ्यात, जिथं अत्तींचा पाट असायचा त्या बाजूला तोंड करून उभे असायचे. पाट तर मी उचलून ठेवला होता. मी खाणं टाकलं तरी ते माझ्याकडं यायचे नाहीत. खाणं बुडून तळाशी जायचं. मी तुमच्या मुलाला एकदा सांगितलं, तर ते म्हणाले, "सवय असते माशांना. जाईल." मग मी ती खोली भराभर झाडून बाहेर यायला लागले.

उन्हाळा आला आणि मला दिवस गेलेले. एका सकाळी, ऊन नुकतं खिडकीत आलेलं, मी चहा घेऊन येते तर तुम्ही खिडकीशी नळी धरून उभे. "मामा, चहा," म्हटलं तरी वळला नाहीत. मी जवळ गेले. नळीतलं पाणी पिवळं होतं, हळद कालवल्यासारखं.

"हे कसं झालं?"

"काय न्हाय. बाटली खराब झाली आसंल."

तुम्ही नळी धुतलीत, स्वयंपाकघरातल्या हंड्यातलं पाणी घेतलंत, त्याच बाटलीतला थेंब टाकलात. निळं. पुन्हा पेटीतलं घेतलंत. पिवळं. मग नळी माझ्या हातात दिलीत. "तू कर." मी केलं. रंग तोच आला. पेटीतलं पाणीही त्याच आडाचं, दोन दिवसांपूर्वी मीच बादलीनं ओतलेलं, आणि कडेला चुन्याचा थर तसाच.

"मासे बघ," तुम्ही हळूच म्हणालात. मासे धापा टाकत नव्हते, वर येत नव्हते. त्या कोपऱ्यात एकही नव्हता. सगळे पुढच्या काचेशी, एका ओळीत, माझ्याकडं तोंड करून उभे होते. इतके महिने मी खाणं टाकत होते तेव्हा न आलेले. मी बाजूला सरकले. तेही वळले.

तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत आणि दार ओढून घेतलंत. "तुजी अत्ती जायच्या आदल्या दिशी असंच झालतं," म्हणालात. "म्या कुणाला बोललो न्हाय. बाटलीचा दोष म्हणून सोडून दिलं. तू आत्ताच्या आत्ता मंद्रूपला जा."

"अहो मामा, अजून सातवा लागायचाय. डोहाळजेवण झाल्यावर जायचं ठरलंय ना?"

"जेवण तितं करंल तुजी आई. हितं थांबू नको. माजं ऐक, पोरी."

तुम्ही हात जोडलेत. त्याआधी कधी माझ्यापुढं जोडले नव्हतेत. तुमचे लेक पहिल्या पाळीला गेले होते, त्यांना न विचारता मी लुगडी बांधली. तुम्ही स्वतः टांगा आणलात. टांग्यात बसले आणि आठवलं, पाण्याचा तांब्या राहिला. घ्यायला परत आत गेले तर त्या खोलीचं दार उघडं. तुम्ही जमिनीवर बसलेले, कपाळ काचेला टेकलेलं, आणि कुणाशी तरी बोलावं तसं, अगदी घरच्या आवाजात म्हणताय, "अकीन बिडु. नन्नने करकोंड होगु." तिला सोड. मलाच घेऊन जा. मंद्रूपच्या मुलीला एवढं कानडी येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी तिथं आहे हे ठाऊक नव्हतं. मी तांब्या न घेताच निघाले. तुम्ही नंतर बाहेर आलात, टांगेवाल्याला म्हणालात, "सावकाश हाक बाबा, जड हाय ती."

पुढचं मला तुमच्या मुलानं सांगितलं. ते कामावरून आले तेव्हा तुम्ही पेटी पूर्ण रिकामी करून आडाच्या ताज्या पाण्यानं भरली होतीत. उन्हाळ्यात आडात पाणी किती, तरी भरली होतीत. त्यांच्यासमोर तपासलंत. पिवळं. मग तुम्ही बाटलीला बूच लावलंत आणि पुन्हा काही तपासलं नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकलीत, दाढी केलीत, स्वच्छ धोतर नेसलात, लिंगपूजा केलीत आणि अत्तींचा पाट काढून पेटीपुढं बसलात. दुपारी पाळीवरून येऊन ते जेवायला हाक मारायला गेले तर तुम्ही भिंतीला टेकून तसेच. मासे सगळे तुमच्याकडच्या काचेशी. तुमच्या चेहऱ्यावर काही त्रास नव्हता म्हणे. बसल्या बसल्या गेलात, आणि आपल्या लिंगायतांत पुरतातही बसवूनच. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, देह बसता करावाही लागला नाही.

बाळंतपण मंद्रूपलाच झालं, नीट झालं. मुलीला घेऊन सोलापूरला परतले तेव्हा मासे जिवंत होते. पाटाच्या कोपऱ्यात वगैरे कुणी उभं नव्हतं. इकडंतिकडं फिरत होते, पिल्लंही झाली होती. तुमची बाटली तीच, नळी तीच. मी थेंब टाकला. निळं. त्यानंतर ते पाणी कधी पिवळं झालं नाही. पुढं पेटी शेजारच्यांनी मागितली, देऊन टाकली.

तुमची नात रसायनशास्त्र शिकलेली. तिला मी तुमचं नाव न घेता विचारलं, असं होतं का? ती म्हणाली, "क्षार संपले की पाणी आम्ल होतं. पण चुन्याच्या विहिरीचं ताजं पाणी? शक्य नाही, आई. बाटली जुनी असेल." मी मान हलवली. हंड्यातलं पाणी त्याच बाटलीनं निळं झालं होतं हे सांगितलं नाही.

लिहायला घेतलं तेव्हा वाटत होतं, हे तिला वाचायला द्यावं. कुणामुळं आपण आहोत ते तिला कळावं. आता देणार नाही. तुम्ही गेल्याचा सांगावा घेऊन धाकटे भाऊजी, तुमचे धाकटे लेक, मंद्रूपला आले, अंगणात उभे राहून रडत होते, माझी आई छाती बडवत होती, आणि सगळे मला सावरायला धावले. मला सावरायची गरज नव्हती, मामा. मी आधी पोटावर हात ठेवला, आणि माझा जीव भांड्यात पडला. तुमच्यासाठी रडू आलं ते नंतर, बरंच नंतर.