मेलेली शांता उठून गायली

लकडगंज, शनिवार, जानेवारी १९७२

आज मी बसवलेल्या नाटकात मेलेली शांता उठली. बाजेवर पडून तिनं मरणाचं गाणं म्हटलं, डोळे मिटले, अन् पब्लिक ओरडली, "वन्समोर!" तशी ही बया उठून बसली, पदर सावरला, पुन्हा गायली, पुन्हा मेली. जिथं रडायचं तिथं लोक हसून राहिले!

नाटक कंपनीच्या मालकाले म्हटलं, हे चालणार नाही. तो म्हणे, "आजी, पब्लिक मायबाप हाय. उद्या कुही गावच्या खेळात वन्समोर नाही दिला अन् गडबड झाली, तं पुढचं नाटक माहा साळा बसवीन. तुम्ही नातवंडं सांभाळा."

नातवंडं सांभाळूनच बसवली म्या आजवरची सारी नाटकं. त्याच्या साळ्याले पेटीचा सूर अन् म्हशीचं रेकणं एकच वाटते.

पण तो पदर काही डोळ्यापुढून जात नाही. शांताले विचारलं, "मेल्यावर काहून सावरा लागते वं पदर?"

"आजी, लोक ओरडले का मले पडून राहवतच नाही."

मग आता करावं काय? उद्या शेवटच्या प्रवेशाआधी तिचा पदर मीच बाजेले शिवून टाकीन. सुईत दोरा ओवून ठेवला हाय.