हळदीचा रंग

वहिनी,

तुमी बाजारात गेल्या अन् तुमचा मोबाइल इथंच चार्जिंगले राहिला, म्हणून हे लिहून ठेवलं. रुचिताले घेऊन मी अन् दादा अकोल्याच्या दवाखान्यात निघालो. मेंदीवालीले परत पाठवा.

काल तुमी साऱ्यांले सांगून राहिल्या होत्या, "माह्या पोरीले हळद कशी चढली पाहा." मीही मान डोलावली. आज दोनदा न्हाऊ घातलं तरी रंग जाईना. काजळ घालाले अंगणात उजेडात बसवलं, तर डोळ्यातलं पांढरंही पिवळं दिसलं. डोळ्यात तर कोणी हळद घातली नव्हती, वहिनी.

आठ दिवस ती जेवत नव्हती, नुसती पडून राहायची. "नवऱ्याची सपनं पाहून राहिली," असं मीच चिडवलं. गल्लीतल्या कोणत्या सुनेले दिवस गेले हे मी चालीवरून सांगते, अन् घरातली कावीळ मले दिसली नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले, हे पाण्यातून पसरते. माठ रिकामा करा, पाहुण्यांले पाणी उकळून द्या, लेकरांचे डोळे उजेडात पाहा.

तुमी गेल्यावर ती बरळाले लागली, मलेच आई म्हणते. मी हो म्हणते. तुमी लवकर या.

नलू