कोल्ड फोर्कला एक डेमोक्रॅट हवा आहे

कोल्ड फोर्क, ओहायो
रविवार, २ ऑक्टोबर २०२२

प्रिय क्रिस्टा,

मे महिन्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. काम फार होतं असं लिहिणार होते, पण आमच्या शाळेला उन्हाळाभर सुटी असते हे तुला माहीत आहे, तेव्हा ते राहू दे. कारण होतं. ते या पत्रात कुठेतरी येईलच.

बाबा बरे आहेत. कमरेचं हाड जुळलं, काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. मनगट मात्र वाकडं बसलं. उजवा हात तोंडापर्यंत नीट जात नाही, म्हणून दिवसाआड त्यांची दाढी मी करते. गालाला साबण लावला की निमूट बसतात. तेवढा वेळच ते माझं ऐकतात. आत्ता पुढच्या खोलीत फुटबॉल लावलाय आणि पंचाला शिव्या चालल्यात. सफरचंदं यंदा उदंड आली. टोपल्या तुझ्या खोलीत ठेवल्यात, गादीला वास लागला असेल.

आता खरी बातमी. आपलं मतदान केंद्र बंद व्हायची वेळ आली आहे.

व्हर्जिल ऑट आठवतात ना? अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, मतदानाच्या टेबलाशी लुएलाआत्याच्या शेजारी बसून दिवसभर खोकणारे. गावातले शेवटचे उघड डेमोक्रॅट. जुलैत ते मुलीकडे इंडियानाला राहायला गेले. "चला, आता शांततेत काम होईल," आत्या म्हणाली. मग सप्टेंबरात निवडणूक कचेरीतून तिला फोन आला. टेबलाशी दोन्ही पक्षांची माणसं निम्मी-निम्मी लागतात आणि डेमोक्रॅटांकडचं एक माणूस कमी पडतंय. कचेरीकडेही कुणी नाही. या पंधरा तारखेपर्यंत मिळालं नाही, तर कोल्ड फोर्कनं घाट ओलांडून हार्मनच्या शाळेत मत द्यायला जायचं. म्हातारी माणसं कशी जाणार, हे कुणी सांगत नाही.

आत्यानं आयुष्यभर डेमोक्रॅटांना नावं ठेवली आणि आता ती गल्लोगल्ली डेमोक्रॅट शोधत फिरतेय. बुधवारी चर्चच्या जेवणात तिनं पातेल्यावर डाव आपटला आणि म्हणाली, "कुणी लपून डेमोक्रॅट असेल तर आत्ता हात वर करा. मी कुणाला सांगणार नाही."

समोर सगळं गाव बसलेलं.

"शेजारचा कुत्रा चालेल का?" मर्ल गथ्रीनं विचारलं. "रोज माझ्या रिपब्लिकन कोंबड्या पळवतो."

"मत देतो का तो?" मागून कुणीतरी.

"देत नाही. भुंकतो मात्र बराच."

सगळे हसले. आत्या हसली नाही. "हसा. मग नोव्हेंबरात घाट चढतानाही हसा. आणि मर्ल, व्हर्जिलच्या अंगणातली पाटी दर निवडणुकीला कोण उपटून नेत होतं तेही मला माहीत आहे."

मर्ल ताटात बघायला लागला. मी मान खाली घालून पुढच्याला बीन्स वाढले.

तू म्हणशील, इथला निकाल नेहमी ठरलेलाच असतो, मग केंद्र कुठे का असेना. यंदा तसं नाही, क्रिस्टा. हेच तुला सांगायला केव्हापासून हात शिवशिवताहेत. रूथॅन बिकल, आपली गुरांची डॉक्टर, काउंटीचा कारभार बघणाऱ्या तीन कमिशनरांपैकी एका जागेला डेमोक्रॅट म्हणून उभी आहे. ती एकच गोष्ट बोलते. आपल्या खोऱ्यातून काढून घेतलेली ॲम्ब्युलन्स परत आणायची. जानेवारीत बाबा गोठ्यापुढच्या बर्फावर पडले तेव्हा ती आपल्या गायीला बघायला आली होती. शेजारच्या काउंटीतून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिनं त्यांच्यावर घोंगड्या घातल्या, वाऱ्याच्या बाजूला गवताचे गठ्ठे रचले. बाबांचे दात वाजत होते, तरी त्यांनी विचारलंच, "तू त्या ऑटच्या पक्षातली म्हणे?"

"हो," ती म्हणाली. "जाऊ का सोडून?"

"आधी गठ्ठे तर रचून घे."

आता मिल रोडवर एकाच अंगणात दोन पाट्या दिसतात, एक बाबांच्या पक्षाच्या गव्हर्नरची आणि तिच्या बाजूला रूथॅनची. पेट्रोल भरता भरता लोक ॲम्ब्युलन्सबद्दल बोलतात, चक्क आवाज न चढवता. "बाई चांगली आहे, पक्ष तेवढा वाईट आहे," एवढं आत्यासुद्धा म्हणते, आणि आत्यानं एवढं म्हणणं म्हणजे काय ते तुला कळेल. इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना 'प्रत्येक मताला किंमत असते' हे वाक्य मी पाठ केल्यासारखं म्हणत आले. यंदा म्हणताना माझाच आवाज मला वेगळा वाटला. ती निवडून आली तरी तीन कमिशनरांत एकटी असेल, हे मला कळतं. ॲम्ब्युलन्स येईलच असं नाही. पण हार-जीत आधी माहीत नसणं म्हणजे काय, हे मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा अनुभवते आहे.

तर काल आत्या आली आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली.

"क्रिस्टा आहे की. ती डेमोक्रॅट आहे. तिला लिही."

"आत्या, ती कोलंबसला राहते. माणूस या काउंटीतला लागतो."

"तिची खोली आहे ना इथे? महिनाभर पत्ता बदलायचा."

"ते कायद्यात बसत नाही."

आत्यानं बाबांच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला घालवलं ते कुठल्या कायद्यात बसत होतं? लिही तू. आणि कागदावर लिही. फाडायला तरी हातात घेईल."

म्हणून हे पत्र. आत्ताच बाबांनी आतून विचारलं, "कुणाला लिहितेस?"

"क्रिस्टाला."

टीव्हीचा आवाज कमी झाला. मग म्हणाले, "गाडीला हिवाळ्याचे टायर घातले का, विचार तिला."

विचारलं, असं समज.

तुला यायची विनंती करायला मी बसले होते. ती मी करणार नाही. पत्ता बदलणं गैर आहे, हे एक. दुसरं म्हणजे, गरज नाही.

मेमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, रूथॅनच्या विरुद्ध तिच्याच पक्षातला एक जण उभा होता, आणि ती तिथेच पडली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. तिला मत द्यायचं तर मतपत्रिका त्या पक्षाची मागावी लागणार, तीही टेबलाशी उभं राहून, तोंडानं, आत्यासमोर. मला ते जमणार नव्हतं. म्हणून आठवडाभर आधीच काउंटीच्या निवडणूक कचेरीत जाऊन मत दिलं. तिथल्या बाईला हळूच सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या कानानं मला ऐकू येत नाही हो, जरा मोठ्यानं." मोठ्यानं सांगितलं. मागे रांगेत आपल्याकडचं कुणी आहे का, हे वळून बघायचं धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून कचेरीच्या दप्तरात मी डेमोक्रॅट आहे. परवा नाव न सांगता फोन करून खात्री केली. "मेमध्ये ज्यांची मतपत्रिका घेतली तोच तुमचा पक्ष," असं सांगून तीच बाई म्हणाली, "तुम्ही कोल्ड फोर्कहून बोलताय का?" मी फोन ठेवून दिला.

म्हणजे गाव ज्याला शोधतंय तो माणूस बुधवारी बीन्स वाढत होता.

मी तुझ्या बाजूला आले असं मात्र समजू नकोस. तुझ्या पक्षाच्या निम्म्या गोष्टी मला अजून पटत नाहीत, आणि ज्या पटतात त्या तू ज्या सुरात सांगतेस तो पटत नाही. 'सांगत नव्हते का मी' असं तू म्हणशील, म्हणूनच मेपासून लिहिलं नाही. एकदा म्हणून घे. शिवाय मलाच माझी खात्री नाही. हे मी ॲम्ब्युलन्ससाठी केलं, की एकदा तरी बाबांना न विचारता काही केलं याची मजा वाटते म्हणून? दोन्ही असावं. कचेरीतून बाहेर आले आणि घाट उतरताना मी गाणं म्हणत होते.

भीती एकाच गोष्टीची आहे. त्या थँक्सगिव्हिंगला 'माझ्या टेबलाशी दोन पक्ष बसणार नाहीत' असं बाबा तुला म्हणाले आणि तू ताट तसंच ठेवून निघून गेलीस. तुला जायला कोलंबस होतं. मी याच घरात राहते, त्याच टेबलाशी रोज जेवते. मलाही ते तसंच म्हणाले तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही. एवढंच ठरवलं आहे की हॉलमधल्या टेबलाशी मी बसणार. तिथे दोन्ही पक्ष बसल्याशिवाय दारच उघडत नाही. बाबाही मत द्यायला तिथेच येतील, आणि मतपत्रिका त्यांना माझ्याच हातून घ्यावी लागेल.

मतदानाला तू येऊ नकोस. तुझं मत तुझ्या शहरात दे. थँक्सगिव्हिंगला ये. मी तेव्हा घरच्या टेबलाशी असले तर तू एकटी पडणार नाहीस. नसले, तर सफरचंदांची एक टोपली घेऊन मीच तुझ्याकडे येईन.

टायरचं नक्की कळव. त्यांना उत्तर हवं आहे.

तुझी, आणि आता सरकारदरबारीसुद्धा तुझ्याच रकान्यातली,
डीना

ता. क. उद्याचं काम: बाबांची दाढी. आधी वस्तरा धुऊन ठेवायचा, मग सांगायचं.