खुनी कोण, हे मी कुणालाच सांगितलं नाही

३ मार्च, सोमवार
वाचनालयाच्या सेक्रेटरींनी आज निर्वाणीचं सांगितलं. शनिवारी सिनेमाला वीस डोकी जमली नाहीत, तर हॉल कॅरमवाल्यांना. गेल्या खेपेला चार होती, त्यांत एक मी आणि एक ही, तीही विणकाम घेऊन.
हरकत नाही. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसून सिनेमा माझा मीच शिकलोय. असा वेस्टर्न लावतो की कॅरमवाले सोंगट्या टाकून येतील! बर्फात अडकलेली सराई, सात माणसं, बाहेर घोडे, आत एकेक मुडदा. खुनी शेवटच्या पाच मिनिटांत कळतो. आधी कळला की खेळ खलास.
संकल्प: तोंडाला टाका.

५ मार्च, बुधवार
संकल्प उत्तम चालू. न्हावी म्हणाला, अंधारातले घोडे काय बघायचे? त्याला एवढंच म्हटलं, खुनी डावखुरा आहे. लगेच येतो म्हणाला. याला सांगणं म्हणत नाहीत. कापडाचा नमुना दाखवला म्हणजे आख्खा सूट दिला असं होत नाही.

६ मार्च, गुरुवार, सकाळी १०
थोरल्या वहिनींना एवढंच: चष्मेवाल्याचा भरवसा धरू नका. केमिस्टला: औषधाच्या बाटलीवर नजर ठेव. दोघंही घरची सगळी घेऊन येणार. ही म्हणते, अहो, आता खुन्याचा पत्ताही देऊन टाका. हिला सस्पेन्समधलं काही कळत नाही. एकालाही दोन गोष्टी सांगितलेल्या नाहीत!

८ मार्च, शनिवार
सव्वीस! कॅरमवाले खिडकीत बसले.
फक्त न्हावी, वहिनी आणि केमिस्ट शेजारी शेजारी बसले, ते मला रुचलं नाही. दिवे मालवायच्या आधीपासून त्यांची कुजबुज. चौथ्या मिनिटाला डॉक्टर आत आला. चष्मा, डाव्या हातात बाटली. न्हावी उभाच राहिला: हाच तो! पुढे दीड तास हॉलने डॉक्टरला सुखाने एक खून करू दिला नाही. वहिनी शेरीफला ओरडल्या, अरे मेल्या, पिऊ नकोस ते! तो प्यायला. केमिस्ट म्हणाला, आमच्या दुकानातून न्यायचं होतंस. लोक पोट धरून हसले. डॉक्टरला बेड्या पडल्या तेव्हा टाळ्या.
इतका भयाण सिनेमा लोकांना इतका आवडलेला मी पाहिला नाही. निवड कुणाची!

९ मार्च, रविवार
सेक्रेटरी स्वतः घरी आले. शनिवारचा हॉल कायम सिनेमाला. पुढचा कोणता लावू, विचारलं. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, मंडळींचं ठरलंय, निवड वहिनी करतील, तुम्ही खुर्च्या मांडा. आणि सिनेमाचं नाव तुम्हाला पडद्यावरच कळेल.
निदान घोडे आहेत का, एवढं तरी सांगा, म्हटलं.
नाही सांगितलं.